बिनधुराचं स्वयंपाकघर

पोलादपूर
१४ मे १९८३

चि. दत्ताराम यास,

तुझ्या बापाचा आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझं पत्र येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसतो, पण घरात बसायला जागा नाही. स्वयंपाकघरातलं सगळं सामान पडवीत आलंय. माझ्या खाटेवर तुझ्या आईची मडकी आहेत आणि मी परसात पाट टाकून बसतो. तिथे सिमेंट उडतं. आज काशीराम गवंडी पाचाडला लग्नाला गेलाय, म्हणून हात मोकळा झाला.

तू मस्कतहून लिहून पाठवलंस तसंच काम चाललंय. मागची मातीची भिंत पाडली, तिथे विटांची उभी केली. कौलं उतरवली. आपलं स्वयंपाकघर तुला माहीत आहे, बोळासारखं लांब आणि अरुंद. एक माणूस चुलीपुढे बसला की दुसऱ्याला त्याच्या पाठीवरून जावं लागायचं. आता मधे भिंत घालून त्याचे दोन भाग केलेत. पुढे ओटा आणि मोरी, मागे एक छोटी खोली. मंजुळा पहिलटकरीण, ती बाळंतपणाला माहेरी ज्येष्ठात येईल तेव्हा ती खोली तिला. नंतर तिथे भात साठवू.

चूल तुझ्या आईने काशीरामला फोडू दिली नाही. स्वतः हळदकुंकू वाहिलं, स्वतः खुरप्याने काढली आणि ती माती फणसाच्या बुंध्याशी घातली. मग तिथेच बसून राहिली. मी विचारलं, वाईट वाटतं काय, तर म्हणाली, "वाईट कसलं? हिच्यापायी डोळे गेले माजे. बरं झालं गेली." पण उठली मात्र नाही.

मधला खांब काढला त्या दिवशी मी जेवलो नाही. माझ्या बापाने उभा केलेला खांब. काशीराम म्हणतो, आता स्लॅब भिंतींवर बसणार, खांबाची गरज नाही. तू सेंट्रिंगचं काम करतोस, तुला कळतं. मला तू एकदा स्पष्ट लिही की खांबाशिवाय चालतं.

दुसरं म्हणजे काशीराम विचारतो, मागच्या खोलीला वर जाळी ठेवू का. मला वाटतं नको. गॅसचा नंबर लागलाय, सिलिंडर महाडहून यायचाय. जाळीतून वारा आला आणि ज्योत विझली तर गॅस घरभर होईल आणि आम्ही सगळे जाऊ. हे मी बोललो तर तुझी आई काशीरामसमोर म्हणाली, "चाळीस वरसं धुराला घाबरले, आता वाऱ्याला घाबरतात. यांना बरणीत घालून ठेवा." काशीराम पोट धरून हसला. तू काय ते लिही, म्हणजे काम अडणार नाही.

तुझी तब्येत सांभाळ. उन्हात डोक्याला फडकं बांध.

तुझा बाप
श्रीपत


मस्कत
२६ मे १९८३

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र कॅम्पात मोठ्याने वाचलं. आमच्या खोलीत चिपळूणचे दोघे आहेत, ते आता रोज विचारतात, "तुझ्या बापाचा खांब कसा आहे?"

बाबा, खांबाशिवाय चालतं. इथे मी सात मजली इमारतीचे स्लॅब टाकतो, आपल्या स्वयंपाकघराचा स्लॅब म्हणजे पोळपाट. तो पडला तर मी हे काम सोडून गावी येईन आणि तुमच्याबरोबर परसात पाट टाकून बसेन.

जाळी नको, तुम्ही म्हणता ते बरोबर. कारण तुमचं नाही, माझं ऐका. गॅसला धूर नसतो. मग भिंतीला भोक कशाला? आपल्याकडचा पाऊस आडवा येतो, बोटाएवढी फट मिळाली तरी आत शिरतो. मागच्या खोलीला खिडकी ठेवा, पण उघडायची नको. लाकडी झडप पावसात फुगते आणि मग ना धड लागते ना धड उघडते. चौकटीत काच कायमची बसवा आणि कडेने पुट्टी लावा. उजेड येईल, पाणी येणार नाही. इथे साहेबलोकांच्या खोल्या अशाच असतात, वाळूचा कण आत जात नाही. दारसुद्धा प्लायवूडचं घट्ट बसवा. आईला जन्मभर धूर आणि गळकी कौलं मिळाली. मला तिला एकदा कोरडी जागा द्यायची आहे.

आईसाठी वेगळं पान ठेवलंय. ते मंजुळा आली की तिच्याकडून वाचून घेऊ दे. तुम्ही वाचू नका, त्यातही तुम्हाला काळजी सापडेल.

आपला
दत्ताराम


पोलादपूर
३० जून १९८३

चि. दत्ताराम यास आशीर्वाद.

काम पुरं झालं. काळ्या कडाप्प्याचा ओटा झालाय, तुझ्या आईच्या कमरेच्या मापाने. पहिल्या दिवशी तिला उभ्याने भाकरी थापायला जमेना. परात खाली घेऊन बसली आणि भाजायला उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. आता जमतंय. भिंतीला पांढरा रंग दिलाय. आळीतल्या बाया बघायला येतात आणि चपला बाहेर काढून आत जातात, देवळात गेल्यासारख्या. तुझी आई त्यांना गॅस पेटवून दाखवते, चहा मात्र देत नाही, सिलिंडर संपेल म्हणून.

मी दिवसातून किती वेळा सिलिंडरचं बटण बंद आहे का बघतो ते सांगत नाही, तू पुन्हा कॅम्पात वाचशील. स्लॅबखाली उभं राहिलं की मला वर काहीतरी कुरकुरल्यासारखं वाटतं. काशीरामला बोलावून आणलं. तो म्हणाला, "आजोबा, ते तुमचे गुडघे वाजतात."

मंजुळा आली. जावई सोडून गेले आणि त्याच गाडीने मुंबईला परत फिरले, रजा नाही. पोरीचे पाय सुजलेत पण चेहरा चांगला आहे. तिने आईला तुझं पान वाचून दाखवलं. काय लिहिलंस ते मला दोघी सांगत नाहीत, मी आत गेलो की हसतात.

पाऊस लागलाय. माजघर गळतं, पडवी गळते, माझ्या खाटेच्या पायाशी पातेलं ठेवलंय. पण मागच्या खोलीत एक थेंब नाही. सुईण सोनाबाई परवा खोली बघायला आली. दार लावून आत उभी राहिली, मग बाहेर येऊन म्हणाली, "येसूबाय, हितं वाऱ्याची झुळूक शिरायची नाय. अशी खोली मुंबयच्या बाळंतिणीला मिळत नसल गो." तुझ्या आईचं तोंड उजळलं. लगेच बाज आत नेली, बाजेखाली ठेवायला लोखंडी शेगडी आणली आणि कोळशाचं पोतं ओट्याखाली ठेवलं. बाळंतिणीला आणि पोराला शेक तर द्यायला हवाच. गॅसवर तो कसा देणार?

मला एकच रुखरुख आहे. चूल जिथे होती, बरोबर तिथेच ही खोली आली. जुनी चूल काढताना ब्राह्मणाला विचारायला हवं होतं का? तू हसशील. हस.

श्रीपत


पोलादपूर
२० जुलै १९८३

चि. दत्ताराम यास आशीर्वाद.

तू मामा झालास. गेल्या गुरुवारी मंजुळाला मुलगी झाली. सगळं नीट पार पडलं. सोनाबाईने दारातूनच मला दाखवली, फडक्यात गुंडाळलेली, नाक आपल्या घराण्याचं. बाळंतिणीच्या खोलीत आपल्याकडे सव्वा महिना पुरुषमाणूस जात नाही, त्यामुळे मला जे कळतं ते दाराबाहेरून.

तू लांब आहेस, तुला काळजी लावू नये असं तुझी आई म्हणते. पण मी कुणाला सांगू?

मंजुळाचं डोकं दुखतं. सकाळी शेक झाला की दुखायला लागतं, कपाळ दोन्ही हातांनी दाबून धरते. दोनदा उलटी झाली. भोवंड येते म्हणते. सकाळ-संध्याकाळ शेगडी पेटते, वर ओवा आणि शेपा टाकतात, दार लावून घेतात, नाहीतर ऊब जाईल. गंमत अशी की अंघोळीला ती बाहेर मोरीत आली की तासाभरात सुधारते. परवा मोरीतून मला हाक मारून म्हणाली, "बाबा, आज सिलिंडर फुटला का?" मी म्हटलं, अजून नाय. हसली. आत गेली आणि संध्याकाळी पुन्हा तेच. भिंतीकडे तोंड करून पडून.

तुझी आई म्हणते, मोरीतला वारा बाधतो. म्हणून कालपासून अंघोळसुद्धा आतच घालतात आणि दाराच्या खालच्या फटीला गोधडी लावतात.

पोर फार गुणी आहे. रडतच नाही. सोनाबाई म्हणते, अशी शांत पोर तिने बघितली नाही. दुधालासुद्धा उठवावं लागतं. आळीत सगळे कौतुक करतात. मी कौतुक करत नाही. तू जन्मलास तेव्हा तुझ्या रडण्याने शेजारचा माणूस भांडायला आला होता.

मला वाटतं ती चूल काढली तेच चुकलं. खोलीत काहीतरी आहे. शांत करायला काय करावं ते तू तिथे कुणा जाणत्याला विचार.

श्रीपत


मस्कत
२९ जुलै १९८३

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून एवढा आनंद झाला की कॅम्पात सगळ्यांना खजूर वाटले. मुलीचं नाव आवडी ठेवा, आजीचं नाव परत घरात येईल.

मंजुळाचं म्हणाल तर पहिलं बाळंतपण आहे, अशक्तपणा असणारच. इथल्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, मल्याळी, त्याला विचारलं. तो म्हणाला रक्त कमी असेल, टॉनिक द्या. नझीरभाई, तुमचे ट्रकवाले मित्र युसुफचाचा यांचा पुतण्या, इथून रजेवर महाडला येतोय, त्याच्याबरोबर टॉनिकच्या बाटल्या आणि हे पत्र पाठवतोय. पोर रडत नाही ही तक्रार तर मी जगात पहिल्यांदा ऐकली.

बाबा, खोलीत काही नाही. चार भिंती आणि स्लॅब आहे, आणि माझी दोन वर्षांची मेहनत आहे. तुम्ही दाराशी बसून बसून आईला भंडावता हे मंजुळाने मागे लिहिलं होतं. म्हणून आईच्या पानात स्पष्टच लिहिलंय की बाळंतपण बायकांचं काम आहे, बाबांचं ऐकून खिडकीला, दाराला किंवा कशालाच हात लावू नका, माझं अक्षर आल्याशिवाय काही बदलू नका. पावसाची ओल पोराला लागली तर ते खरं संकट. तुम्ही रागावू नका. थोडं बाहेर फिरा, देवळात जाऊन बसा.

आपला
दत्ताराम


महाड, युसुफच्या घरून
१० ऑगस्ट १९८३

चि. दत्ताराम यास,

हे पत्र नझीर स्वतः तुझ्या हातात देईल. त्याची रजा संपली, उद्या मुंबईला निघतो, तिथून विमान. तो समोर उभा असतानाच वाच. कॅम्पात नंतर वाच.

तुझं पत्र आणि टॉनिक पोचलं. तेव्हा युसुफही नझीरबरोबर पोर बघायला आला होता. पडवीत चहा घेताना मी त्याला मंजुळाचं सांगितलं, जसं तुला सांगितलं होतं तसंच. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, "शेगडी पेटते तेव्हा दार बंद असतं?" मी म्हटलं, असतं. "खिडकी?" मी म्हटलं, उघडतच नाही. त्याने बशी खाली ठेवली.

त्याने सांगितलं ते असं. त्याच्या ट्रकवर एक ड्रायव्हर होता. थंडीत आंबेनळी घाट चढून गेल्यावर गाडी बाजूला लावली, लोखंडी पाटीत निखारे घेऊन केबिनमध्ये बसला, काचा वर केल्या. सकाळी लोकांनी काच फोडली तर माणूस बसलेला तसाच. भाजलेला नाही, काही नाही, झोपल्यासारखा. डॉक्टर म्हणाला, निखाऱ्याचा धूर दिसत नाही, पण विष असतं त्यात, बंद जागेत साठतं. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते. युसुफ म्हणाला, "श्रीपतभाई, कौलाच्या घरात ते वर निघून जातं. तुम्ही वर झाकण घातलंय."

दत्ताराम, हे ऐकताना मला आठवलं. बारशाला पाळणा पडवीत बांधला होता, नाव तुझं पत्र यायच्या आधीच आवडी ठेवलं होतं. दिवसभर आवडी एवढी रडली की बाया म्हणाल्या, अगो हिला आवाज हाय तर. मंजुळाने दोन वेळा मागून जेवण घेतलं. संध्याकाळी दोघींना आत नेलं, शेगडी लावली, दार लावलं. मग पुन्हा आवाज नाही.

मी तुझ्या आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, ओटा पुसता पुसता. मग म्हणाली, "झालं? आदी खांब पडायचा होता. मग सिलिंडर फुटायचा होता. मग पोळपाट डोक्यावर यायचा होता. मग चूल कोपली. आता निखारे. उद्या काय, पाणी?"

मी म्हटलं, येसू, या वेळी तसं नाय.

"सहा बाळंतपणं झाली माजी. सहा वेळा बाजेखाली शेगडी होती. मेले काय मी? माज्या आईला, तिच्या आईला, सगळ्यांना शेगडी. आन् त्या डायवरच्या गोष्टीवर मी पोरीला उघड्यावर घालू, या पावसात?"

मी म्हटलं, तेव्हा वर कौलं होती. ती म्हणाली, "होती. गळकी. म्हणून तर त्यातली दोन गेली माजी, ओल लागून. माज्या दत्तूने कोरडी खोली दिली तर तुमाला बघवत नाय." मग तुझं पान आणून माझ्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं ते तिला माहीत आहे. मंजुळाला हाक मारून विचारलं, तर ती दाराआडून म्हणाली, "बाबा, मला झोप येते. तुम्ही दोघं भांडू नका." तिचा आवाज जड होता, ओल्या कपड्यासारखा.

यात तुझ्या आईचा दोष नाही. मी जन्मभर घाबरत आलो, तिने जन्मभर ऐकून घेतलं. कुठलंच खरं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेगडीच्या वेळेला मी परसातून मागे गेलो आणि काठीने खिडकीची काच फोडली. आत सोनाबाई ओरडली. पाऊस आडवा होता, चौकटीतून थेट बाजेवर आला. काचेचा तुकडा पोरीच्या दुपट्यावर पडला, लागला नाही, पण पडला. मग काय झालं असेल ते तू समज. तुझ्या आईने काशीरामला बोलावणं धाडलं. काशीराम आला आणि दाराचं उरलेलं प्लायवूड त्या चौकटीला ठोकून गेला. वरून प्लास्टिक लावलं, कडेला सगळीकडे पुट्टी भरली. काच होती तेव्हा निदान उजेड तरी होता. आता ती खोली पेटीसारखी झाली आहे. आणि यंदा पाऊस फार, पोर भिजली म्हणून तुझी आई सव्वा महिन्यावर थांबणार नाही. दोन महिने शेक देणार, सोनाबाईने तसं सांगितलंय.

माझ्या फोडण्याने हे झालं.

तुला तार करावी म्हणून मी पोस्टात गेलो. पोलादपूरच्या तारा तुटलेल्या. म्हणून कालच्या एसटीने महाडला आलो. इथेही तार बंद, सावित्री नदीचं पाणी बाजारात शिरलंय, पोस्ट वरच्या मजल्यावर हलवलंय. परत निघालो तर गाडी सुटेना. पोलादपूरच्या वाटेवर दरड आली आहे आणि खालचा रस्ता पाण्यात आहे. मुंबईकडचा रस्ता मात्र चालू आहे. म्हणजे हे पत्र समुद्रापलीकडे तुझ्यापर्यंत जाईल, आणि मला माझ्या घरी जाता येत नाही. आज सकाळी चालत निघालो होतो, युसुफने आणि पोलिसाने पुलाजवळून धरून आणलं.

बदरुन्निसा, युसुफची बायको, मला जेव म्हणते. तिने दोन पोलिसांना विचारून बघितलं, कुणी पोलादपूरला निरोप पोचवेल का. कुणी जात नाही.

आता शेगडीची वेळ झाली असेल.

तू हे कर. नझीर विमानतळावरून तुझ्याकडे येईल तेव्हा काम टाकून ऊठ. मुकादम ओरडला तर ओरडू दे. तारऑफिसात जा आणि तुझ्या आईच्या नावाने तार कर. माझं नाव घालू नकोस. लिही की शेगडी बाहेर काढ, मंजुळाला आणि पोरीला माजघरात आण, गळू दे. लिही की हे मी दत्ताराम सांगतो. तार कुणीतरी वाचून दाखवेल, आणि तुझं नाव ऐकलं की ती एक क्षण थांबणार नाही. माझ्या तोंडून गेलं तर थांबेल. मुंबईहून नझीरने केली तर ती माझीच युक्ती वाटेल तिला, मस्कतहूनच आली पाहिजे. तारा जोडायचं काम चालू आहे, माझ्या आधी ती पोचेल असं इथला पोस्टमास्तर म्हणतो.

तुझ्या खोलीवर माझा राग नाही. आईला कोरडी जागा द्यावीशी वाटली, त्यात काय चुकलं?

घरून तुला काही कळलं, मंजुळाचं, पोरीचं, कुणाचंही, तर मला इथे युसुफच्या पत्त्यावर आधी कळव. बरं असो, वाईट असो. मी दारातच बसलोय, पोस्टमन या आळीत कुठून शिरतो ते मी बघून ठेवलंय. उशीर करू नकोस रे, दत्तू. लवकर कळव.

श्रीपत